आग्रहाची भिंत

“बोला ना बिनधास्त. तिच्या कानात बोंडं हायेत.”

हे माझ्याबद्दल होतं. बोलणाऱ्या शेजारच्या काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, आणि ऐकणारी माझी आई. दोघी आमच्या मागच्या दाराच्या पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आतल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. कानात खरंच बोंडं होती. पांढरी, बिनवायरची, फुटायला आलेल्या कापसाच्या बोंडासारखी. आमच्या गल्लीने इअरफोनचं नाव तेच ठेवलं होतं. फक्त त्यांत काही वाजत नव्हतं. बहुतेक वेळा वाजत नसतं.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी आर्णीतल्या आमच्या घरून काम करते. गिऱ्हाइकं वैतागून लिहितात आणि मी इंग्रजीत शांतपणे उत्तर लिहिते. दिवसभरात तोंडाने एकही शब्द बोलावा लागत नाही, म्हणून मला ही नोकरी आवडते. यवतमाळच्या इंग्रजी शाळेत, तिथल्याच वसतिगृहात मी वाढले. त्यामुळे गल्लीच्या मते मला दोन गोष्टी येत नाहीत, स्वयंपाक आणि मराठी. पहिली गोष्ट खरी आहे. दुसऱ्या गोष्टीला पुरावा असा की शाळेच्या सुट्टीत घरी आले असताना गुरुजींनी मला एकदा पाढा विचारला होता आणि एकोणसत्तर म्हणजे नक्की किती यावर मी अडकले होते. त्या दिवसापासून गुरुजी माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलतात, परदेशी पाहुण्याशी बोलावं तसं. मी कधी दुरुस्ती केली नाही. लाजऱ्या माणसाला कोणी आपल्याशी बोलायला आलं नाही तर बरंच वाटतं, आणि कोणी आपल्यासमोर काहीही बोलायला लागलं तर त्याहून बरं.

तर काकू सांगत होत्या, “भिंत झाली का हे दार कायमचं बंद. मंग मी काय समोरून येऊ तुमच्याकडं, साडी बदलून?”

आईने मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, “माणसायले कोण सांगन?”

पुरुषांना कोण सांगणार, हा प्रश्न किती मोठा होता हे कळायला आमची गल्ली माहीत हवी. आमच्याकडे समोरचं दार हे जावई, बँकेचा माणूस आणि लग्नाची पत्रिका यांच्यासाठी असतं. ते उघडलं की पंखा लावायचा, सोफ्यावरची चादर सारखी करायची, ट्रे काढायचा. खरं जगणं मागच्या दाराने चालतं. विरजण, उसनी साखर, कोणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, कोणाच्या सुनेने काय ऐकवलं, हे सगळं मागच्या दारांना जोडणाऱ्या बांधावरून जातं. पलीकडे एक मोठं वावर आहे, कधी कापूस, कधी तूर. त्याच्या बांधावर बायकांच्या चपलांनी पाडलेली वाट इतकी गुळगुळीत होती की नगरपरिषदेचा एकही रस्ता तिच्या जवळपास येत नव्हता.

ते वावर तांड्यातल्या एका बाईंचं. तांडा गावाबाहेर, पुलापलीकडे. त्या रोज वावरात यायच्या, आणि उन्हं चढली की आमच्या मागच्या दाराशी पाणी मागायच्या. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या भाषेत, आईला याडी म्हणतात. त्यांचा मुलगा त्यांना याडी म्हणायचा, म्हणून सगळी गल्लीही म्हणायची. याडी दारात उभ्यानेच आमच्या पितळी तांब्याने पाणी पीत, तांब्या भरून वावरात नेत, आणि संध्याकाळी त्यात काही ना काही घालून परत आणत. हरभऱ्याचे घाटे, वाळकं, अंबाडीची जुडी. त्यांचं मराठी अर्धं आणि आईचं ऐकणं अर्धं, कारण आई एकीकडे पोळ्या लाटत असायची. तरी त्या दोघी तासतासभर बोलायच्या. कशावर, ते मला सांगता येणार नाही. बोंडं घालून ऐकूनसुद्धा नाही.

याडींचा मुलगा मोठा होऊन लेआउट पाडायला लागला. आमच्याकडे बिल्डरला बिल्डर म्हणत नाहीत, लेआउटवाला म्हणतात. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि बोलणं एकदम नरम. त्याने घाटंजी रोडला दोन लेआउट पाडले, मग घरच्या वावराकडे वळला. शहराच्या नकाशात ते वावर हिरव्या रंगात होतं, म्हणजे तिथे शेतीच करायची. त्याला ते पिवळं हवं होतं, म्हणजे राहायला. नगरपरिषदेने लोकांच्या हरकती मागवल्या आणि गल्लीत बातमी पसरली ती अशी, “आपल्या मागचं हिरव्याचं पिवळं करून राह्यला तो.” पिकावर रोग पडावा अशा आवाजात.

गल्लीने हरकत घेतली. पुढाकार गुरुजींचा. रस्त्याच्या कडेला लग्नाचं लॉन होणार आणि रात्रभर डीजे वाजणार, नाली तुंबणार, धूळ येणार, असे त्यांचे मुद्दे होते. मुद्दे खरेच होते. पण लेआउटवाला गुरुजींचा जुना विद्यार्थी होता, आणि घोळ इथे सुरू झाला.

तो पहिल्यांदा गुरुजींकडे आला तेव्हा आधी पाया पडला. बाबा मलाही घेऊन गेले होते, कारण नकाशावर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि गल्लीत एवढं इंग्रजी माझ्याकडेच होतं. मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं. लेआउटवाला म्हणाला, तुम्ही सांगाल तसं करू. गुरुजी म्हणाले, आमचं काय, तुझं चांगलं झालं की झालं. तो म्हणाला, नाही, तुम्ही हुकूम करा. आता हुकूम करा म्हटल्यावर गुरुजींना काहीतरी करणं भाग होतं. डीजेचं बोलायला ते संकोचले, कारण लॉन ही त्याची मुख्य कमाई असेल असं त्यांना वाटलं. विद्यार्थ्याच्या पोटावर कसं यायचं? मग इकडेतिकडे पाहत ते म्हणाले, “जराक एखादी भिंत-बिंत घालून घे म्हणजे झालं.”

मी त्यांचा चेहरा पाहत होते. पाहुण्याने चहा नको म्हणावं आणि मग यजमानाला वाईट वाटू नये म्हणून अर्धा कप चालेल म्हणावं, तसा तो चेहरा होता. भिंत हा तो अर्धा कप होता.

लेआउटवाल्याने मात्र ती मागणी समजून मनावर घेतली. पुढच्या खेपेला नकाशात आमच्या मागच्या दारांना लागून दुहेरी रेघ आली. मी ती बाबांना हळूच वाचून दाखवली, आणि बाबांनी गुरुजींना मोठ्याने सांगितली. त्याने खरोखरच भिंत घातली होती. कमरेएवढी.

तो गेल्यावर सगळे खवळले. म्हणजे आपण काय चोर आहोत का, त्याच्या लेआउटमधून आपली सावलीही जाऊ नये असं त्याला वाटतं का, वगैरे. पण तोंडावर कसं म्हणणार की नको, मागितली तर आपणच होती. तेव्हा मान राखण्यासाठी असं ठरलं की घालतोच आहे तर नीट घालू दे. कमरेएवढीवरून काय, शेळीसुद्धा उडी मारते. गुरुजींनी निरोप पाठवला की भिंत गळ्याएवढी तरी असावी.

तिकडे लेआउटवाल्याला वाटलं की गल्ली फारच कडक आहे. त्याने गळ्याएवढीची डोक्याएवढी केली, म्हणजे गुरुजी खूश होतील. गुरुजींना वाटलं हा आपल्याला खिजवतो आहे. त्यांनी कळवलं, डोक्याएवढी ठीक, पण आमच्या बाजूने गिलावा पाहिजे. त्याने दोन्ही बाजूंनी गिलावा कबूल केला. प्रत्येक बैठकीत भिंत वाढत होती आणि ती ज्याच्यासाठी वाढत होती असा माणूस खोलीत एकही नव्हता. मी स्टुलावर बसून हे पाहत होते, आणि मला आमच्या घरच्या जेवणावळी आठवत होत्या. वाढणारा वाढत राहतो कारण न वाढणं बरं दिसत नाही, खाणारा खात राहतो कारण उठणं बरं दिसत नाही, आणि शेवटी दोघंही आडवे होतात.

बायकांचं मत कोणी विचारलं नव्हतं. काकूंनी एकदा गुरुजींपाशी विषय काढून पाहिला. गुरुजी म्हणाले, “आता शब्द गेला ना.” शब्द गेल्यावर आमच्याकडे माणूस त्याच्या मागे चालत जातो, तो कुठेही जावो.

आणि याडी पाणी मागायला यायच्या थांबल्या.

कोणी भांडलं नव्हतं. मुलगा गल्लीशी व्यवहाराचं बोलतो आहे, आपण मधेच मागच्या दाराने गेलो तर लोक म्हणतील आईला पुढे केलं, असं त्यांना वाटलं असावं. आईला वाटलं, त्यांच्या मुलाला आपल्या लोकांनी अडवलंय, आता आपण कोणत्या तोंडाने हाक मारायची. याडी वावराच्या पलीकडच्या टोकाला बसून जेवायला लागल्या. आई उन्हं चढली की दाराशी यायची, उभी राहायची, आणि दार लोटून घ्यायची. तांब्या याडींकडेच राहिला होता. आई स्टीलच्या पेल्याने पाणी प्यायला लागली आणि त्या पाण्याला चव नसल्याची तक्रार बाबांकडे करायला लागली.

मग एक दिवस लेआउटवाला याडींना घेऊन आमच्याकडे आला. समोरच्या दाराने. याडींनी फाटकाबाहेरच चपला काढल्या. बाबांनी पंखा लावला. हिवाळा होता, तरी लावला. याडी सोफ्याच्या अगदी काठावर बसल्या, आई समोरच्या खुर्चीत, आणि इतकी वर्षं बांधावर हातवारे करत हसणाऱ्या त्या दोघी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम असावा तशा एकमेकींना तब्येत विचारायला लागल्या. चहा बशीसकट आला. याडींनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे बसून काहीतरी प्यायलं, आणि तेही दोन्ही हातांनी बशी सावरत.

बाबांचा फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले. आई चिवडा आणायला आत गेली. खोलीत उरलो आम्ही तिघं. मी नेहमीच्या टेबलाशी, कानात बोंडं. लेआउटवाल्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, काही हरकत नाही असं त्याला वाटलं असावं, आणि तो आपल्या आईशी गोरबोलीत बोलायला लागला.

आता आमच्या वसतिगृहाबद्दल सांगते. शाळेत इंग्रजीखेरीज काही बोलायला बंदी होती. मराठी बोललेलं मॅडमना समजायचं, त्यामुळे लगेच पकडलं जायचं. माझ्या खोलीतल्या बाकीच्या मुली दारव्हा-दिग्रसकडच्या तांड्यांवरच्या होत्या आणि त्यांच्याकडे मॅडमना न समजणारी भाषा होती. मीही ती शिकले. शिकले नसते तर त्या खोलीतले सगळे विनोद माझ्यावर होते की दुसऱ्या कोणावर, हे मला कधीच कळलं नसतं. पुष्कळसे माझ्यावरच होते. म्हणजे इंग्रजी शाळेने मला इंग्रजी दिलं आणि तिच्या नियमाने गोरबोली. घरी मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

याडी जे बोलल्या ते त्यांच्या शब्दांत लिहिणं मला जमणार नाही. अर्थ असा होता. तू मला कोपऱ्यावर घर बांधून देतोस म्हणतोस, पण पुढे तुझं गेट आणि मागे ही भिंत, मग मी बोलायचं कोणाशी, गवंड्याशी? तांड्यात माझी चूल आहे, माणसं आहेत. ते सोडून मी इथे यायला तयार झाले ते या बायकांसाठी. भिंत होणार असेल तर मी येत नाही, आणि जमीन माझ्या नावावर आहे, अंगठाही देत नाही.

लेआउटवाला काकुळतीला आला. त्याने सांगितलं की याडी, मला कुठे हवीय भिंत? जागा जाते, वीट जाते, आणि प्लॉट घेणारेही विचारतात की हे जेलसारखं काय आहे. पण या लोकांनाच हवी आहे. गुरुजींनी पहिल्या दिवशी तेवढी एकच गोष्ट मागितली. त्यांना नाही कसं म्हणू? मी त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे.

माझी बोटं कीबोर्डवर थांबली होती. पलीकडे कोणीतरी इंग्रजीत विचारत होतं की माझं पार्सल आलं नाही, तुम्ही आहात का? मी त्याला लिहिलं की हो, मी आहे, आणि तुमची अडचण मला पूर्ण समजली आहे.

त्या संध्याकाळी मी बाबांजवळ गेले आणि म्हणाले, “बाबा, त्यांनाही भिंत नको आहे.”

“कोण म्हटलं?”

हे सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. गोरबोली, बोंडं, आणि बाबांनी आमच्या सख्ख्या काकाला फोनवर माझ्या लग्नाबद्दल काय सांगितलं होतं ते मला कसं माहीत, हेही. मी म्हणाले, “असंच वाटलं.”

“वाटून काय होते,” बाबा म्हणाले, आणि बातम्या लावल्या.

नगरपरिषदेतली सुनावणी जवळ आली. तूर निघाली, वावर मोकळं झालं. तेव्हा याडींनी मुलाला सांगितलं की मोजणीचे खुंटे ठोकायच्या आधी इथे एकदा रोडगे होतील आणि सगळी गल्ली जेवेल. इतकी वर्षं या मातीने खायला घातलं, शेवटचं तिच्यावर बसून खाऊ. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती, अंगठा बाकी होता. गल्लीलाही नाही म्हणता आलं नाही, कारण रोडग्यांना आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही.

रोडगे करायला धीर लागतो. गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा जाळ बसून लालभडक विस्तव होईपर्यंत थांबायचं, मग कणकेचे गोळे त्यात पुरायचे आणि पुन्हा थांबायचं. या वेळात पुरुष विस्तवाभोवती उभे राहून झाले की नाही यावर वाद घालतात. त्या दिवशी त्यांना भिंतीचाही विषय होता. विस्तव उकरायच्या काठीने गुरुजींनी जमिनीवर रेघ ओढली आणि पाया कुठून येईल ते दाखवलं. ती रेघ बांधावरच्या चपलांच्या वाटेवरून गेली. बायका बाजूला वांगी चिरत होत्या. काकूंनी रेघेकडे पाहिलं आणि वांग्याचा देठासकट तुकडा पातेल्यात टाकला.

मग पंगत बसली. पुरुष सतरंजीवर ओळीने, पळसाच्या पत्रावळी, वरण, वांग्याची भाजी, आणि फोडलेल्या रोडग्यावर तुपाची धार. गुरुजींचे दोन रोडगे झाले आणि त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. लेआउटवाल्याने हाताखालून तिसरा सरकवला. गुरुजी नको म्हणत होते, तो घ्याच म्हणत होता, आणि त्याच सुरात, तूप वाढता वाढता, तो म्हणाला, “गुरुजी, भिंतीवर काचाही लावून घेतो म्हणतो. तुमची तक्रार नको राह्यला.”

गुरुजींनी पत्रावळीवरच्या तिसऱ्या रोडग्याकडे पाहिलं. त्यांचं पोट भरलं होतं हे लांबूनही दिसत होतं. “लाव बाबा,” ते म्हणाले. “करून राह्यला तर पक्कं कर.”

मी पंगतीच्या टोकाला उभी होते, हातात मिठाची वाटी. मला तेवढंच काम दिलं होतं. तिथून मला याडी दिसल्या. त्या वाढण्यातून उठल्या, आपल्या पिशवीतून काहीतरी काढलं, आणि काठीची रेघ ओलांडून आमच्या मागच्या दारापाशी गेल्या. पायरीवर त्यांनी आमचा तांब्या ठेवला. राखेने घासून असा लखलखीत केलेला की तो आमचा वाटत नव्हता. मग मागे वळून पाहिलं नाही, परत येऊन भाजीच्या पातेल्याशी बसल्या.

आईने ते पाहिलं. तिच्या हातातला डाव वरणात तसाच राहिला. तांब्या परत आला याचा अर्थ तिला सांगावा लागला नाही, आणि मलाही. यापुढे तो संध्याकाळी हरभऱ्याचे घाटे घेऊन येणार नव्हता. आई दिवसभर त्या घरात असते. बाबा दुकानात, मी कंपनीच्या गिऱ्हाइकांत, आणि तिच्याशी बोलायला उरणार होतं ते समोरचं दार.

मी मिठाची वाटी खाली ठेवली आणि कानातली बोंडं काढली. माझ्या कानांत ती नाहीत असं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे काही न बोलताच निम्मी पंगत माझ्याकडे बघायला लागली. मला पळून जावंसं वाटत होतं. मागचं दार उघडंच होतं.

मी बोलले. काय बोलले ते सांगते, पण आधी पुढचं सांगून घेते, कारण ते सोपं आहे.

आधी काकूंचा हात तोंडावर गेला आणि तिथेच राहिला. गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्यासमोर त्या काय काय बोलल्या याची उजळणी त्यांच्या डोळ्यांत चाललेली मला स्पष्ट दिसत होती. बाबांनाही बहुतेक काकाचा फोन आठवला. लेआउटवाल्याने आपल्या आईकडे पाहिलं, याडींनी माझ्याकडे. मग गुरुजींनी आपल्या पत्रावळीवरचा तिसरा रोडगा उचलला, तो लेआउटवाल्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “हाबी मले नको होता.”

याडी हसल्या, आणि त्यांच्यामागोमाग सगळी पंगत. त्यानंतर जे महिनाभरात जमलं नव्हतं ते वरणभात संपेपर्यंत जमलं. गुरुजींनी अखेर तोंड उघडून डीजेचं सांगितलं. लेआउटवाला म्हणाला, लॉन तर मी कधीच काढून टाकलंय, तिकडे हायवेवर तीन झालीत, चालतंय कोणाचं? रस्त्याच्या बाजूला दुकानं, त्यांची तोंडं रस्त्याकडे. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते, ती त्याने पलीकडच्या टोकाला दाखवली होती, ती इकडे आमच्या दारांशी आणायची. नालीचं पाणी खालच्या बाजूने काढायचं. गुरुजींनी विस्तवाच्या काठीने ओढलेली रेघ चपलेने पुसली, आणि आपलीच रेघ पुसतो आहोत असं न दाखवता पुसली, ही खरी कला.

सुनावणीला गल्ली गेली ती हरकत मागे घ्यायला. तिथले साहेब मोठ्या भांडणाच्या तयारीने बसले होते, ते थोडे हिरमुसले. वावर आता नकाशात पिवळं आहे. चपलांची वाट आहे तिथेच आहे, आणि तिच्या पलीकडे याडींचं घर उभं राहतंय. त्याचं मागचं दार आमच्या मागच्या दारासमोर येतं. तांब्या कोणत्या घरचा, हे आता कोणालाच नक्की सांगता येत नाही.

नुकसान झालं ते माझं. मी टेबलाशी बसले की पायरीवरच्या गप्पा हवापाण्यावर येतात. अगदी महत्त्वाचं काही असेल तर काकू साडी बदलून समोरच्या दाराने येतात, आणि आई त्यांना आत घेऊन दार लावते. गुरुजी माझ्याशी आता भरभर बोलतात आणि मधेच थांबून विचारात पडतात.

तर, त्या दिवशी पंगतीच्या टोकाला उभी राहून, बोंडं मुठीत धरून, मी आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर बोलले. पुस्तकातली मराठी तोंडात आलीच नाही. पायरीवर ऐकून ऐकून साठलेली आली.

“गुरुजी, भिंत तुमाले नको. दादा, तुमालेबी नको. याडीले नको, आईले नको, काकूले तर बिलकुल नको. मंग कोणासाठी बांधून राह्यले? मले सगळं समजते, याडी बोलते तेबी. या बोंडांत काईच वाजत नाई.”